इथली कधीपासून? कागद दाखवा!

लग्न होऊन वीस-बावीस वर्षं झालेल्या एखादीला विचारा, "तुम्ही इथे कधीपासून राहता हो?" ती सालाबिलाच्या भानगडीत पडणार नाही. "थोरला पोटात होता तेव्हा आलो आम्ही या बिल्डिंगीत," असं सांगेल. नाहीतर म्हणेल, "सव्वीस जुलैच्या पुरात तळमजल्यावरची दोन बिऱ्हाडं आमच्याच घरात होती की!" वर साक्षीला शेजारणीलाही हाक मारील. हे सगळं खरंच असतं. पण खिडकीपलीकडच्या कारकुनाला शेजारीण चालत नाही आणि पूरही चालत नाही. त्याला कागद लागतो. त्या कागदावर तुमचं नाव लागतं आणि तारीख लागते.

आता आपल्या घरातले कागद आठवून पाहा. लाइटबिल सासऱ्यांच्या नावावर, जागा यांच्या नावावर, गॅसचं कार्ड यांच्या नावावर, कधीकाळी घेतलेला टेलिफोन तोही यांच्याच नावावर. घर चालवायचं आपण, आणि घराच्या कागदांत आपण शोधून सापडायच्या नाहीत! हे इतकी वर्षं चालून जातं, कारण "तू इथली आहेस हे सिद्ध कर" असं आपल्याला सहसा कुणी म्हणत नाही. पण आपल्याच ठाणे जिल्ह्यात, कल्याण स्टेशनापासून दोन पावलांवर, अशा सुना आहेत की त्या या देशाच्या नागरिक होणार की नाही ते अशाच कागदांवर ठरतं. आधी त्यांचं पाहू. मग आपल्याकडे वळू.

सिंधची सून

कर्जतच्या गाडीनं कल्याण सोडलं की विठ्ठलवाडी आणि मग उल्हासनगर. दुसऱ्या महायुद्धात इथे लष्कराच्या छावण्या होत्या. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना याच बराकींत जागा मिळाली. म्हणून तर आजही तिथले लोक "कॅम्प तीनला राहतो", "कॅम्प पाचला जायचंय" असंच बोलतात. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते या वसाहतीचं उल्हासनगर असं नामकरण झालं.

त्या वेळीही प्रश्न हाच होता, कधी आलात? आपल्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमात एक तारीख आहे, १९ जुलै १९४८. पाकिस्तानातून त्या तारखेच्या आधी येऊन इथे राहिलेला माणूस, त्याचे आईवडील किंवा आजी-आजोबा अखंड हिंदुस्थानात जन्मलेले असले, की आपोआप भारताचा नागरिक ठरला. त्या तारखेला वा नंतर आला असेल तर सहा महिन्यांचा रहिवास दाखवून अर्ज आणि नोंदणी. म्हणजे एकाच बराकीत, एकाच चुलीवर स्वयंपाक करणाऱ्या दोन जावांपैकी एक आपोआप नागरिक आणि दुसरी अर्ज करून, असं सहज घडू शकत होतं.

पुढे नागरिकत्वाचा कायदा १९५५ साली आला. माणसांची ये-जा मात्र थांबली नाही. सिंधमध्ये मागे राहिलेले नातेवाईक नंतरही येत राहिले, सोयरिकीही होत राहिल्या. अशी एखादी मुलगी सून होऊन उल्हासनगरला आली, तर आपल्या मनात येतं, "झालं की! नवरा भारतीय, मग ही पण भारतीयच." तसं मुळीच नाही. लग्नानं आडनाव बदलतं, नागरिकत्व बदलत नाही. सून कराचीची असो, लंडनची असो की न्यूयॉर्कची, कायदा एकच. आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कासेगावच्या सूनबाई, डॉ. गेल ऑम्व्हेट, जन्मानं अमेरिकन. त्यांचं लग्न १९७६ साली झालं आणि भारतीय नागरिकत्व मिळालं १९८३ साली.

कायदा म्हणतो, भारतीय माणसाशी लग्न झालेल्या परदेशी व्यक्तीनं सात वर्षं इथे राहिलं पाहिजे, मग नोंदणीचा अर्ज. आणि ही सात वर्षं कशी मोजायची तेही लिहून ठेवलेलं आहे. अर्जाच्या आधीचे बारा महिने सलग इथेच राहिलं पाहिजे. त्याच्या मागच्या आठ वर्षांपैकी मिळून सहा वर्षं इथे काढलेली असली पाहिजेत.

"सलग बारा महिने" हे शब्द वाचून बायकांच्या मनात पहिलं काय येईल? बाळंतपण! आपल्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात माहेरी जाते आणि बाळाला घेऊन तिसऱ्या-चौथ्या महिन्यात परत येते. ज्या सुनेचं माहेर सिंधमध्ये, तिनं अर्जाच्या आधीच्या वर्षात असं केलं तर मोजणी मोडली. २०१५ साली या नियमात थोडी सवलत आली. विशेष कारण असेल तर सरकार जास्तीत जास्त तीस दिवसांचा खंड माफ करू शकतं. तीस दिवस! आई अत्यवस्थ म्हणून व्हिसा काढून जायचं, तिथे सारं आटोपायचं आणि परत यायचं, ते एवढ्यात. हा नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर माहेर असलेला माणूस नव्हता एवढं मात्र दिसतं.

बरं, नुसतं राहून भागत नाही. कायदेशीर राहावं लागतं. या सुनांना दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळतो आणि तो मुदत संपण्याआधी वाढवून घ्यावा लागतो. पोलिसांकडे परदेशी नागरिक म्हणून नोंद असते, घर बदललं तर तेही कळवायचं असतं. मूळचा पासपोर्ट संपत आला तर तो दिल्लीतल्या त्यांच्या वकिलातीतून नवा करून आणायचा. संसाराच्या रगाड्यात एखादी तारीख हुकली, की ती बाई कायद्याच्या भाषेत "बेकायदा स्थलांतरित" होऊ शकते. मग पुढचा अर्ज तर अडतोच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याची झळ लेकरालाही बसते. ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेलं मूल जन्मानं भारतीय ठरायला आईवडिलांपैकी एक भारतीय असून पुरत नाही. दुसरा त्या वेळी बेकायदा स्थलांतरित नसावा लागतो. म्हणजे बाप उल्हासनगरात जन्मलेला, मूल इथल्याच इस्पितळात जन्मलेलं, आणि आईच्या व्हिशाची तारीख उलटली म्हणून मुलाच्या नागरिकत्वावर प्रश्नचिन्ह!

२०१६ च्या डिसेंबरात केंद्र सरकारनं देशातल्या सोळा जिल्ह्यांच्या कलेक्टरांना अफगाणिस्तान, बांगलादेश आणि पाकिस्तानातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती लोकांच्या अर्जांवर निर्णय घ्यायचे अधिकार दिले. त्यात आपला ठाणे जिल्हा होता. दिल्लीची फेरी थोडी वाचली. २०१९ साली कायदाच बदलला. याच सहा समाजांचे जे लोक ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आले, त्यांना बेकायदा स्थलांतरित मानायचं नाही आणि नागरिकत्वासाठी अकरा वर्षांऐवजी पाच वर्षांचा रहिवास पुरेसा धरायचा, असं ठरलं. त्यातून मुसलमानांना वगळल्यामुळे देशभर केवढा वाद झाला ते तुम्हाला आठवत असेल. प्रकरण सुप्रीम कोर्टातही गेलं. मुंब्र्यात किंवा भिवंडीत कराचीची एखादी मुसलमान सून असेल, तर तिच्यासाठी सात वर्षांचाच रस्ता.

या नव्या कायद्याचे नियम ११ मार्च २०२४ रोजी आले, आणि माझ्या मते त्यांतला सगळ्यात वाचण्यासारखा भाग म्हणजे कागदांची यादी. ३१ डिसेंबर २०१४ च्या आधी भारतात आल्याचा पुरावा म्हणून काय चालेल? व्हिसा तर चालेलच. पण रेशनकार्ड चालेल, लाइटबिल चालेल, भाडेकरार चालेल, विम्याची पॉलिसी चालेल, शाळा सोडल्याचा दाखला चालेल आणि लग्नाचं सर्टिफिकेटही चालेल. हे कागद मुदत उलटलेले असले तरी चालतात. आणि अर्जाची छाननी करणारी जिल्ह्याची समिती कुणाच्या हाताखाली, तर पोस्टाच्या सुपरिंटेंडेंटच्या! आपण पोस्टात आवर्ती ठेव भरायला जातो, तिथल्याच वरच्या साहेबांसमोर देशनिष्ठेची शपथ. मला वाचून गंमत वाटली, पण बरंही वाटलं. पोस्टाइतकं लोकांचं घर दुसऱ्या कुठल्या खात्याला ठाऊक असतं?

या यादीतला प्रत्येक कागद घरातल्या ट्रंकेत असणारा आहे. तो नीट ठेवला आहे का, आणि त्यावर बाईचं नाव आहे का, एवढंच पाहायचं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसे रद्द झाले, तेव्हा दीर्घ मुदतीचा व्हिसा असलेल्यांना त्यातून वगळलं होतं. त्या आठवड्यात कुणाला झोप लागली असेल आणि कुणाला नाही, ते कपाटातल्या एका कागदावर होतं.

विलायतेतली गृहिणी

"आपल्या देशातच असलं कागदांचं खूळ," असं कुणाला वाटत असेल तर विलायतेतलं ऐका. गोव्यात १९ डिसेंबर १९६१ च्या आधी, म्हणजे पोर्तुगीजांच्या अमलात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं. अशी पुष्कळ गोवेकर कुटुंबं पोर्तुगालच्या पासपोर्टावर इंग्लंडला गेली, स्विंडन गावात तर त्यांची वस्तीच झाली. युरोपातले नागरिक म्हणून तेव्हा त्यांना तिथे राहायची मुभा होती.

पण नोव्हेंबर २०१५ पासून नियम आला की युरोपीय माणसाला ब्रिटिश नागरिक व्हायचं असेल, तर आधी कायम रहिवासाचा दाखला काढायचा. त्यासाठी पाच वर्षं तुम्ही तिथे "हक्कानं" राहत होता हे सिद्ध करायचं. पुढच्याच वर्षी जूनमध्ये सार्वमत होऊन इंग्लंडनं युरोपातून बाहेर पडायचं ठरवलं आणि त्या दाखल्यासाठी झुंबड उडाली. अर्ज तब्बल पंच्याऐंशी पानांचा! नोकरी करणारा पगाराची चिठ्ठी जोडून मोकळा. पण जी बाई घर सांभाळत होती, मुलं वाढवत होती, तिला विचारलं गेलं, या वर्षांत तुमचा आजारपणाचा संपूर्ण विमा उतरवलेला होता का? तिथे सरकारी दवाखाना सगळ्यांना फुकट, मग विमा कोण कशाला उतरवील? तशी अट आहे हेच कित्येकींना माहीत नव्हतं. वीस-वीस वर्षं तिथे संसार केलेल्या, ब्रिटिश नवरा आणि ब्रिटिश मुलं असलेल्या गृहिणींना दाखला नाकारल्याच्या बातम्या तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांत येत होत्या. त्या राहत होत्या हे कुणी नाकारत नव्हतं. ते राहणं हिशेबात धरलं जात नव्हतं.

पुढे तिथे राहण्यासाठी २०१९ पासून जी नवी योजना आली, तिच्यातून ही विम्याची अट काढून टाकली. आणि मार्च २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयानं निकाल दिला की सरकारी आरोग्यसेवा फुकट मिळत असेल तर तोच विमा समजायचा. हा निकाल मिळाला तो उत्तर आयर्लंडमध्ये राहून घर आणि मुलं सांभाळणाऱ्या, मूळच्या पाकिस्तानी अशा एका आईच्या दाव्यात. उशीर झाला, पण झालं.

आता आपलं

तुम्ही म्हणाल, आम्हाला काय त्याचं? आम्ही इथल्याच. खरंय. पण "डोमिसाइल" हा शब्द गेल्या काही वर्षांत घरोघरी पोचलाय, तो उगाच नाही. मी दुपारच्या शाळेत शिकवते. बारावीचे निकाल लागले की आमच्या माजी विद्यार्थ्यांच्या आया रस्त्यात भेटतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात कागद, आणि तोंडी एकच वाक्य, "बाई, डोमिसाइलला काय काय लागतं हो?"

वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवास असा त्या दाखल्याचा पूर्ण थाट. अर्ज सेतू केंद्रात किंवा 'आपले सरकार'वर करायचा. डोंबिवलीकरांचा तालुका कल्याणच. अट पंधरा वर्षांच्या रहिवासाची. (देशात अधिवास एकच, भारताचा, राज्याराज्यांचा वेगळा अधिवास नसतो, असं सुप्रीम कोर्टानं १९८४ साली प्रदीप जैन खटल्यात बजावलं आणि जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा सांगितलं. पण खिडकीवर हे सांगून उपयोग नाही, तिथे पंधरा वर्षंच मोजतात.)

मुलांचं एक वेळ सोपं. जन्म इथला, शाळा इथली. अडते ती आई. आणि आईचा दाखलाही उपयोगी पडतो बरं का! इंजिनिअरिंगच्या प्रवेशात, मूल बदलीमुळे दुसऱ्या राज्यात शिकलेलं असेल तर वडिलांचं किंवा आईचं, कुणाचंही डोमिसाइल चालतं. आता ही आई जर बेळगावची, इंदूरची किंवा बडोद्याची माहेरवाशीण असली तर तिचा जन्मदाखला परराज्यातला, शाळा परराज्यातली. मराठी तिची आपल्यापेक्षा शुद्ध असेल, पण तो काही पुरावा नाही.

२०२४ च्या जुलैत 'लाडकी बहीण' योजना आली आणि सेतू केंद्रांपुढे बायकांच्या रांगा लागल्या त्या या दाखल्यासाठीच. सरकारनं मग काही दिवसांतच नियम सैल केला. डोमिसाइल नसेल तर पंधरा वर्षांपूर्वीचं रेशनकार्ड, पंधरा वर्षांपूर्वीचं मतदार ओळखपत्र, शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्मदाखला, यांतला कुठलाही एक चालेल असं सांगितलं. परराज्यात जन्मलेल्या आणि महाराष्ट्रातल्या माणसाशी लग्न झालेल्या बाईसाठी तिच्या नवऱ्याचा जन्मदाखला, शाळेचा दाखला किंवा डोमिसाइल चालेल असंही ठरलं. सोय झाली, नाही कशी म्हणू? कित्येकींचं अडलेलं काम झालं. तरीपण मनात आलंच. पंचवीस वर्षं ती इथे राहिली, भाजीवाल्यापासून बँकेपर्यंत सगळी कल्याण-डोंबिवली तिला ओळखते, आणि तिच्या राहण्याचा पुरावा काय, तर नवऱ्याचा जन्म!

दुसरी अडचण नावाची. आपल्याकडे आडनाव तर बदलतंच, पण कित्येक घरांत लग्नात तांदळाच्या ताटात नवं नाव लिहून पहिलंही नाव बदलतात. सिंधी लोकांतही ही चाल आहे. शाळेच्या दाखल्यावर कुमुद वामन, आधारवर शुभांगी शशिकांत. या दोघी एकच, हे सांगणारा कागद कुठला? लग्नाच्या नोंदणीचा. सुप्रीम कोर्टानं फेब्रुवारी २००६ मध्ये सगळ्या धर्मांच्या लोकांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करा असं सांगितलं. महाराष्ट्रात तर त्याचा कायदा १९९८ सालचा आहे. लग्नाला तीस वर्षं झाली असली तरी नोंदणी करता येते. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयात जायचं, लग्नपत्रिका, फोटो आणि साक्षीदार लागतात. उशिराचा दंड पडेल, पडू दे. पहिलं नावही बदललेलं असेल तर राजपत्रात जाहिरात द्यावी. तो अंक जन्मभर पुरतो.

आधारकार्डावर फार विसंबू नका. ते आहे म्हणजे आपण इथल्या, असं पुष्कळजणींना वाटतं. मागच्या बारा महिन्यांत एकशे ब्याऐंशी दिवस भारतात राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. ते नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही, असं त्याच्या कायद्यातच लिहिलेलं आहे.

मग करायचं काय? यांच्याशी भांडून सगळं घर नावावर करून घ्या असं मी म्हणत नाही, पण नवी जागा घेत असाल तर विषय जरूर काढा. एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट आहे, हे सांगितलं की पुष्कळ नवरे लक्ष देऊन ऐकतात. जागा भाड्याची असेल तर करारावर दोघांची नावं घालायला सांगा. आपलं स्वतःचं बँक खातं आणि त्याची जुनी पासबुकं जपा. त्यांवर पत्ताही असतो आणि तारीखही. मुलांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव आणि आईबापाचा पत्ता असतो. अमुक साली तुम्ही डोंबिवलीत होता हे त्याहून चांगलं कोण सांगणार? त्यात तुमच्या नावाचं स्पेलिंग चुकलेलं असेल तर मूल दहावीला जायच्या आत दुरुस्त करून घ्या. मतदारयादीत नाव घालायचा कंटाळा करू नका. जुन्या यादीचा उतारा वेळेला कामी येतो.

माहेरचा जन्मदाखला कुणाकडे असेल तर त्यावरचा जिल्हाही पाहून ठेवा. वसई-पालघरच्या मुलींच्या जुन्या कागदांवर "जिल्हा ठाणे" असतं, कारण पालघर जिल्हा वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. अर्ज भरताना आजचा जिल्हा आणि कागदावरचा जिल्हा जुळत नाही म्हणून खिडकीवर हटकलं, तर तारखेसकट सांगता आलं पाहिजे.

आणि नवं रेशनकार्ड हातात पडलं की जुनं रद्दीत टाकू नका. पंधरा वर्षांपूर्वीचा कागद नव्यानं काढता येत नाही, जपलेला असेल तरच तो असतो. दर दिवाळीला कपाट आवरताना या कागदांची एक झेरॉक्स काढून वेगळ्या पिशवीत घाला, आणि ती पिशवी तळमजल्यावर राहत असाल तर माळ्यावर ठेवा. यंत्रातून निघणाऱ्या गुळगुळीत कागदावरच्या पावत्यांची झेरॉक्स मात्र लगेच काढायची. वर्ष-दीड वर्षात त्यांवरची अक्षरं उडून कागद पांढराफटक होतो.